अक्षयाची सॅक

मी अक्षयाची सॅक बोलतेय. अंजनवेलला महिपत तांडेलांच्या पडवीत, खुंटीला टांगलेली असते.

महिपत जहाजावर नोकरीला होते. मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी तिला युक्रेनला धाडलं. मला त्यांनीच चिपळूणच्या बाजारात, शिवण ओढओढून पाहत घेतलं. तिच्या आईने, दमयंतीने, माझ्यात कोकमं आणि कुळथाचं पीठ कोंबलं.

"आई गो, पुस्तकं कुठे ठेवू?" अक्षया चिडली होती.

ती शेवटच्या वर्षाला असताना युद्ध पेटलं. एका शाळेच्या तळघरात जखमींसाठी दवाखाना उघडला, तिथे ती मदतीला जाऊ लागली. माझ्यातली पुस्तकं निघाली, बँडेजं आली. स्फोट झाला की ती मला पोटाशी धरून थरथरायची, मग उठून कुणाचं तरी रक्त पुसायला जायची. रोज म्हणायची, "उद्या निघते."

आणि खरंच आपल्या मुलांना सरहद्दीवर नेणारी बस आली. तिने माझ्यात कपडे भरले. एवढ्यात तळघरातून निरोप आला : खूप जखमी आणलेत, डॉक्टर एकटेच आहेत. तिने बसच्या दारातूनच घरी फोन लावला.

"अक्षू, आधी गाडीत बस! दुसरं काही ऐकायचं नाही मला," महिपत ओरडले.

"बाबा, वादळात तुम्ही जहाज सोडून आला असता?"

तिने फोन ठेवला.

तिने मला तिच्या मैत्रिणीच्या, वेदिकाच्या हातात दिलं. "पुढच्या बसने येते. हिला ने तुझ्याबरोबर." तिला रडू आवरत नव्हतं. तशीच ती तळघराकडे पळाली.

पुढची बस निघायच्या आतच तळघरावर बॉम्ब पडला.

वेदिकाने मला घरी आणून पोचवलं. ती मान वर करीना. दमयंतीने तिला जवळ ओढलं. "तू तरी आलीस गो बाय. बरं केलंस."

अक्षयाचे कपडे अजून माझ्यातच आहेत. महिपत माझ्यासमोर बसून पुटपुटतात, "'जहाज सोडून आलो असतो' म्हणायला हवं होतं. खोटं तरी बोलायचं होतं."

नाक्यावर तिचा फोटो लागलाय, खाली 'वीरकन्या' लिहिलंय. लिहा, जरूर लिहा. फक्त तिच्याबद्दल बोलाल तेव्हा एवढंही सांगत जा, की पोरीला घरी यायचं होतं.