तळहाताचे कान

कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून फिटरचे कान गेले, पण आवाजाचा सोस काही गेला नाही. बायकोच्या ओठांवर नजर ठेवून तो दिवसभर तिचं डोकं खायचा.

"पंखा कसा वाजतोय?"

"घरघर."

"आणि नळ?"

"ठिपठिप. आता माझं डोकं वाजेल, ठणठण!"

फिटर खूश व्हायचा. शब्द कळला की तो आवाज त्याच्या डोक्यात एकदा वाजून जायचा. जुनी ओळख होती ना.

नातीचं मात्र तसं नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो ठार बहिरा झाला होता. "ही रडते कशी गं?" त्याने विचारलं.

"ट्यँहँ, ट्यँहँ. सगळी पोरं रडतात तशीच की!"

फिटरच्या डोक्यात वाजलं ते लेकीचं लहानपणचं रडणं. नातीचा आवाज बिचारी बायको तरी कुठून आणणार? तिच्याकडे वेगळा शब्दच नव्हता.

लेक आता पुन्हा कामावर जाणार होती. आजीच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, पोर तिला उचलवत नव्हती. नातीला पाळणाघरात ठेवायचं, असं दोघींचं जवळजवळ ठरलंच होतं.

"मी सांभाळतो," फिटर नको तेवढ्या मोठ्याने म्हणाला. "यंत्राच्या अंगावर हात ठेवून आत काय बिनसलंय ते सांगायचो मी. पोर रडतेय की हसतेय, एवढं पाळण्यावर हात ठेवून कळणार नाही होय?"

लेकीने आईकडे पाहिलं. "बरं बाबा. आज बघू या."

दोघी खाली दुकानात गेल्या. फिटरने पाळण्याच्या लाकडी कठड्यावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. डोळे मिटले की हाताला जास्त कळतं, ही कामावरची सवय. बराच वेळ काहीच नाही. मग कठडा थरथरला. बारीक, भराभर, मध्येच थांबून पुन्हा. फिटरचा चेहरा फुलला. खुदुखुदु! पोर खिदळत होती, आणि हे हसू दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिचंच होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक आवाज कुणी न सांगता त्याच्यापर्यंत आला होता. डोळे उघडले तर हे निसटेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.

खांद्याला जोराचा हिसका बसला. लेक धापा टाकत समोर उभी होती. पोरीचा पाय कठड्याच्या दांड्यांत अडकला होता. मांडी लालभडक, चेहरा काळानिळा. लेकीने पाय सोडवला आणि तिला छातीशी धरलं.

"बाबा, पार खालपर्यंत ऐकू येत होतं!" तिच्या ओठांवरून त्याला ते अगदी स्वच्छ कळलं.

लेकीने पाळणाघराला फोन लावला. फिटर दबकत, मागून वर आलेल्या बायकोजवळ गेला.

"कशी रडत होती गं?"

बायकोने तोंड फिरवलं. ती काही म्हणाली असली, तरी आता त्याला ते कळणार नव्हतं.