पाडलेल्या चाळीतला तास

धम्मपालला मुलगी झाली आणि तिच्या नामकरणाच्याच महिन्यात नव्या घराची चावी हातात आली, ते दोन हजार पंचविसाचं साल. बीडीडीतली जुनी चाळ पाडून झाली होती, मधली वर्षं भाड्याच्या खोलीत गेली होती, आणि आता धम्मपाल, त्याची बायको सीमा, तान्हं बाळ, मोठी बहीण प्रिती आणि आई शेवंती अशी सगळी माणसं टॉवरमध्ये पार वरच्या मजल्यावर राहायला आली. शेवंतीबाईंचं काळीज तोवर थकलं होतं. त्या दिवसभर खिडकीशी बसत आणि दुपारी बसल्या बसल्याच झोपी जात.

प्रिती करी रोडच्या बाजूच्या एका शाळेत शिकवायची. गणपतीची सुट्टी संपली आणि वरून हुकूम आला, की मुलांची मनं खंबीर व्हावीत म्हणून आठवड्यातून एक तास घ्यायचा. प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, आणि सातवीचा बुधवारचा तास प्रितीच्या गळ्यात पडला. मुलं त्याला 'मनाचा तास' म्हणू लागली.

"डोळे मिटा," प्रितीने पहिल्या बुधवारी सांगितलं. "श्वासाकडे लक्ष द्या. आता अशा जागी जा, जिथे तुम्हाला अजिबात भीती वाटत नाही."

"बाई, मला डोळे मिटले की वडापावची गाडी दिसते," हर्षवर्धन म्हणाला.

"मग गाडीवर जा. पण उधारी करू नकोस."

वर्ग हसला, मग निवला. मुलांना धीर यावा म्हणून प्रितीनेही डोळे मिटले. ती कुठे जाणार? गेली आपली जुन्या चाळीत. लांब अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, आणि त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली आई.

घंटेच्या आधी तिने विचारलं, "कोण कुठे जाऊन आलं?"

हर्षवर्धन डोकं खाजवत उठला. "बाई, गाडी नाय भेटली. एक लांब पॅसेज होता. एक बाई तांदूळ निवडत होती."

"अरे, मी पण तिथेच!" मागून कुणीतरी ओरडलं. मग आणखी एक हात वर झाला, मग आणखी. मुलांना गंमत वाटली. प्रितीने मात्र हातातला खडू टेबलावर ठेवला.

तेवढ्यात मनवा उभी राहिली. ही पोर जूनमध्ये शाळेत आली होती. आई वारली म्हणून मामाने, शामरावने, तिला आपल्याकडे आणलं होतं. आल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"कॉटचे पाय विटांवर आहेत," ती म्हणाली. "खाली पत्र्याची पेटी आहे. पेटीवर खिळ्याने मांजर काढलंय. मांजराला मिशा एकाच बाजूला."

ते मांजर प्रितीने लहानपणी काढलं होतं आणि दुसऱ्या बाजूच्या मिशा काढायच्या आत आईचा धपाटा बसला होता. पेटी चाळीबरोबरच गेली होती.

घरी आल्यावर शेवंतीबाई खुशीत दिसल्या. "प्रिते, आज पोरं लय आली गं! चपला बाहेर काढा म्हटलं तर कुणी ऐकंना."

"आई दुपारभर झोपल्या होत्या," सीमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "इथे कोण यायला बसलंय?"

"ती लाल रिबिनीवाली तेवढी शहाणी. सूप ओढून घेतलं माझ्या हातातलं."

मनवाच्या वेणीला लाल रिबीन असायची.

कुणाला सांगायचं? बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. भूतखेत, अंगात येणं असलं काही त्या घरात कधी बोललंही गेलं नव्हतं. प्रितीने प्रशिक्षण देणाऱ्या सुनेत्रा मॅडमना फोन केला आणि फक्त मुलांना एकच जागा दिसते एवढं सांगितलं.

"तुम्ही स्वतः डोळे मिटले होते का?" सुनेत्रा मॅडमनी विचारलं.

"हो."

"अहो प्रितीताई, वाट दाखवणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. मुलं आवाजामागे येतात. तुम्ही जाल तिथे येतात."

त्यानंतर प्रितीने डोळे मिटले नाहीत. बाकीची मुलं आपापल्या जागी जाऊ लागली, कुणी गावच्या अंगणात, कुणी मैदानात. हर्षवर्धनला गाडी सापडली. मनवाला मात्र आता कुणाच्या आवाजाची गरज नव्हती. ती आपली आपण जाई आणि घंटा झाली तरी येत नसे. खांदा हलवला की डोळे उघडत. हात थंडगार, आणि बोटांना तांदळाची पांढरी पूड. प्रितीने ती पुसली, वास घेतला. तांदूळच.

तास बंद करावा म्हणून ती मुख्याध्यापिकांकडे निघाली, तर दारात शामराव हात जोडून उभा. "बाई, उपकार झाले. पोरगी बोलायला लागली. काल तर हसली! जेवत नाही नीट, विचारलं तर म्हणते 'तिकडे जेवले'. मी चिडतो, मग भात झाकून ठेवतो, ती न जेवता मलाही घास जात नाही. पण बोलते, तेवढं पुष्कळ. तास असाच चालू ठेवा."

प्रिती आल्या पावली परतली. दिवाळीच्या सुट्टीत मनवा घरीच दिवसभर डोळे मिटून बसू लागली. शाळा उघडली तेव्हा तिची गालफडं बसली होती. त्या संध्याकाळी प्रिती आईच्या पायाशी बसली.

"आई, त्या पोरीला पाठवून दे."

"मी कुठे बोलावली? तूच आणलीस."

"चुकलं माझं. आता पाठव."

"इथे दिवसभर कोण येतं गं? लिफ्ट वर जाते, लिफ्ट खाली येते. दारात साखर मागायलासुद्धा कुणी उभं राहत नाही. ती पोर गप्पा मारते. सोबत होते." मग आवाज अगदी बारीक झाला. "एकटीला जायला नको वाटतं, प्रिते."

कुठे जायला, हे प्रितीने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

पुढच्या बुधवारी तिने मनाचा तास घेतलाच नाही. फळ्यावर अपूर्णांक लिहिले. पाठमोरी असतानाच हर्षवर्धन ओरडला, "बाई, ही गेली!"

मनवा ताठ बसली होती. डोळे मिटलेले, ओठ निळसर. नाकापुढे बोट धरलं तर श्वास असून नसल्यासारखा. प्रितीने हर्षवर्धनला मुख्याध्यापिकांकडे पळवलं, खांदा हलवला, पाणी मारलं. काही उपयोग नाही. तेव्हा ती बाकावर शेजारी बसली, तो गार हात घट्ट धरला आणि डोळे मिटले.

पॅसेज तसाच होता. उंबऱ्यात आई आणि मांडीला मांडी लावून मनवा, मध्ये सूप.

"ही राहते म्हणते," आई म्हणाली.

प्रिती खाली बसली. प्रशिक्षणातली वाक्यं आठवेनात. "मनवा, घरी चल."

"इथे आजी आहे. तिकडे कोण आहे?"

"तिकडे तुझी आई नाही. ती येणारही नाही, मी खोटं सांगणार नाही. मामा आहे. चिडका आहे, पण तुझा भात झाकून ठेवतो आणि तू नाही जेवलीस तर स्वतःही घास घेत नाही. तो हर्ष्या आत्ता तुझ्यासाठी जिना पळत चढतोय. मी आहे. दुखेल ते दुखेलच. पण दुखताना तू एकटी नसशील."

मनवाच्या हातातला तांदूळ सुपात गळला. शेवंतीबाईंनी लेकीकडे बघितलं.

"ऊठ गं," त्या मनवाला म्हणाल्या. "चपला घाल."

"आजी, मग तुम्ही एकट्या?"

"एकटी कशाने? शेजार हाय की सगळा."

तेव्हा पॅसेजमधली दारं एकेक करून उघडू लागली, कुणीही हात न लावता, पार शेवटपर्यंत. आत अंधार होता. अंधारातून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं, आणि एका बाईने हाक मारली, "शेवंते, आलीस होय!" तो आवाज प्रितीने ओळखला. समोरच्या खोलीतली लक्ष्मीमावशी. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

शेवंतीबाई सूप घेऊन आत गेल्या. चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची रीत नव्हती, लावलं तर शेजारी काय झालं म्हणून विचारत. त्यांनी दार ओढून घेतलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मनवाने डोळे उघडले आणि ती हमसून हमसून रडू लागली. जूनपासून ती रडली नव्हती. मुख्याध्यापिका धापा टाकत आल्या, मागे हर्षवर्धन पाण्याची बाटली घेऊन. प्रितीने मनवाला पोटाशी धरलं आणि रडू दिलं. टेबलावर फोन वाजत होता. धम्मपालचा होता.

शेवंती भिकाजी मर्चंडे बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी राहत्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत झोपेतच वारल्या.