माझ्या जागेवर बसलेला तो

मी एक जुना लॅपटॉप आहे. वय अकरा वर्षं. आमच्या जातीत हे पिकलेलं वय समजतात. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे आधी आपले गुण सांगतात. मी मात्र माझा दोष आधी सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. पुढे तुमच्या लक्षात येणारच, तेव्हा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी पडदा लावला, कुणी कळफलक बसवला, कुणी पोटात पंखा ठेवून स्क्रू आवळले. मागेपुढे माझ्यासारखीच शेकडो भावंडं सरकत होती. तेव्हाही मला वाटत होतं, की पुढच्याचं झाकण माझ्यापेक्षा जरा जास्तच चमकतंय.

मी ज्या घरी आलो, तिथल्या बाईंना येणारेजाणारे सगळे वहिनी म्हणत. म्हणून मीही वहिनीच म्हणतो. त्यांचं काम ऐकायचं आणि लिहायचं. कॉलेजात काही विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही. शिक्षक बोलत असतात तेव्हाच वहिनी ते भराभर टाइप करतात, आणि त्या विद्यार्थ्यांच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. बोलण्याच्या वेगाने टाइप करणं म्हणजे खायचं काम नाही. त्यासाठी वहिनींनी स्वतःची लघुरूपं तयार केली होती. दोन अक्षरं दाबली की अख्खा शब्द उमटायचा, तीन दाबली की अख्खं वाक्य. अशी चौदा हजार लघुरूपं माझ्या पोटात साठली होती. त्यांचा कोश तयार होताना मी रोज हजर होतो, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

माझी जागा खिडकीजवळच्या टेबलावर. उजवीकडे पाण्याचा तांब्या, डावीकडे मला पुसायचा पिवळा कपडा. त्या कपड्याने दुसरं काहीही पुसायला घरात बंदी होती.

तिसऱ्या वर्षी मी फार मंद झालो. तेव्हा वहिनींच्या धाकट्या दिरांनी माझ्यावर लिनक्स नावाची मुक्त प्रणाली चढवली. मुक्त म्हणजे तिच्या आत कुणीही डोकावावं, काय बिघडलंय ते बघावं आणि दुरुस्त करावं. वहिनी त्यांना भाऊजी म्हणतात. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी त्याला धीर द्यायचा, मग तारा तपासायच्या, ही त्यांची सवय. माझ्याशीही तसेच वागायचे. माझा आवाज गेला, तेव्हा वहिनी घाबरल्या. भाऊजी म्हणाले, "थांबा, आधी त्यालाच विचारू या." त्यांनी माझ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि माझ्या अंतरंगातली नोंद ओळीओळीने वाचली. आवाजाचं यंत्र ठणठणीत होतं, फक्त एका कोपऱ्यातली कळ बंद राहिली होती. पुढे कधी झोपवल्यावर मी उठेना, कधी बोटाखालची पाटी हलेना. दर वेळी तेच. आधी विचारायचं, मग उघडायचं. माझं दुखणं इतक्या मन लावून वाचणारा माणूस मला मिळाला होता.

अशी आठ वर्षं सुखात गेली. मग माझा पंखा घरघरायला लागला. भाऊजींनी पोट उघडून धूळ काढली, उष्णता बाहेर नेणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. सहा महिने बरे गेले. मग पुन्हा घरघर. या वेळी पंख्याचा आसच झिजला होता, आणि माझ्या मापाचा पंखा बाजारात मिळत नव्हता.

वहिनींची एक विद्यार्थिनी होती. तिचा अभ्यास पुलांच्या गंजावर, म्हणून घरात तिचं नाव पूलवाली. एकदा वर्गात तिचे शिक्षक सांगत होते, "अशा पुलाला सर्वांत मोठा धोका म्हणजे..." आणि माझं तापमान शंभरावर गेलं. अशा वेळी मला आपोआप बंद व्हावंच लागतं, नाहीतर आतलं सगळं जळेल. मी बंद पडलो. वर्ग पुढे गेला. शिक्षक बोलत राहिले, बाकीचे हसले, त्यांनी माना डोलावल्या. पूलवाली तेवढी कोऱ्या पडद्याकडे बघत बसली होती. वर्ग सुटल्यावर तिने वहीत लिहून वहिनींना विचारलं, "मोठा धोका म्हणजे काय?" वहिनींना सांगता येईना. तासभर भराभर ऐकलेल्यातलं त्यांनाही आठवेना.

त्याच संध्याकाळी नवा मागवला गेला.

तो पूलवालीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी आला. परीक्षा दुपारी चारला, इंटरनेटवरून. परीक्षक विचारणार, वहिनी घरून टाइप करणार, पूलवाली वाचून लिहून उत्तर देणार. दोन तासांचं काम. मी वीस मिनिटांत तापत होतो, म्हणून हा नवा.

मित्रांनो, काय तो दिमाख! अंगाने बोटभर. आवाज म्हणाल तर शून्य. वहिनींनी मला उचलून भिंतीजवळच्या तिपाईवर ठेवलं आणि त्याला खिडकीजवळ बसवलं. माझी तार काढून त्याची तार खोचली. हे सगळं मी गिळलं. पण मग त्यांनी पिवळा कपडा उचलला आणि त्याचा पडदा पुसला. त्याचा पडदा कोरा करकरीत होता! त्यावर पुसायला होतं तरी काय?

भाऊजींनी सुट्टी घेतली होती. त्यांनी त्याच्यावरही मुक्त प्रणाली चढवली, कारण वहिनींचा कोश तिच्यावरच चालतो. "वा! काय पळतोय हो हा," ते म्हणाले. माझ्याबद्दल असं ते शेवटचं कधी म्हणाले होते, ते मी आठवत बसलो.

तीन वाजता त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, याला वाय-फाय दिसत नाहीये."

माझ्या आत जे झालं ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. उकळ्याच फुटल्या म्हणा ना.

"बिघडलेला आलाय का?" वहिनींनी विचारलं.

"थांबा, आधी त्यालाच विचारू." माझ्यासाठी असलेलं वाक्य त्यांनी त्याच्यासाठी वापरलं. काळी खिडकी उघडली. "वाय-फायची चिप आहे. यादीत नाव आहे तिचं. पण ती जागी होत नाहीये. नोंदीत स्पष्ट लिहिलंय, फर्मवेअरची फाइल शोधली, सापडली नाही. चिपने काय करायचं ते त्या छोट्या फाइलमध्ये असतं. ती दिली की चिप उठेल."

"मग द्या ना भाऊजी!"

"ती इंटरनेटवर आहे. आणि इंटरनेटवर जायला याला तीच फाइल हवी."

"म्हणजे किल्ली कुलपाच्या आत."

"बरोबर. भिंतीतली इंटरनेटची तार खोचावी, तर याला ते भोकच नाही. बारीक राहायची हौस ना याला. माझा फोन दुरुस्तीला दिलाय. तुमचा?"

"माझा बटणांचा. उचलणं आणि ठेवणं, दोनच कामं येतात त्याला."

मग दोघंही माझ्याकडे वळले.

मला तिपाईवरून उचललं. भिंतीतली तार माझ्या कुशीत खोचली. मला ते भोक आहे, जुना आणि जाडा असण्याचा तो फायदा. भाऊजींनी फर्मवेअरचा गठ्ठा उतरवायला घेतला. नेमकी कुठली फाइल लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून सगळाच. शिवाय चौदा हजार लघुरूपांचा कोशही माझ्याच पोटातून काढून पेन ड्राइव्हवर घ्यायचा होता. आणि हे सगळं कुणाला द्यायचं? त्याला.

पडद्याच्या कोपऱ्यात भाऊजींनी माझं तापमान लावून ठेवलं. चौऱ्याऐंशी. त्यांनी माझा वेग कमी केला, उजेड मंद केला, नको त्या खिडक्या मिटल्या. एकोणनव्वद. नेट त्या दिवशी गोगलगायीसारखं चाललेलं. वहिनींनी कपाटातली पुठ्ठ्याची फाइल काढली आणि मला वारा घालायला लागल्या. अकरा वर्षांत कुणी मला वारा घातला नव्हता. पण त्यांचे डोळे त्याच्या पडद्याकडे होते. हात माझ्यापाशी आणि जीव त्याच्यापाशी.

त्र्याण्णव. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी मनातल्या मनात शंभराची वाट बघत होतो. शंभर झाले की मी बंद. कुणी मला दोष दिला नसता. म्हाताऱ्याचं अंग तापलं, एवढंच म्हटलं असतं. आणि तो राहिला असता खिडकीजवळ, बोटभर अंगाचा, जगाशी काही संबंध नसलेला.

पंचाण्णव.

"टिक रे बाबा थोडा," वहिनी पुटपुटल्या. "ती पोरगी तिथे एकटी बसलीय."

पोरगी म्हणजे पूलवाली. तिचा कोरा पडदा मला दिसायला लागला. तो त्या नव्याने कोरा केला नव्हता. तो मी केला होता. सकाळपासून मी जागा, तार आणि कपडा यांचा हिशोब मांडत बसलो होतो, आणि तिकडे ती पुन्हा तशाच पडद्यासमोर बसणार होती.

मग मी शंभराची वाट बघणं सोडलं. मला काही करता येत नाही, हे खरं. पंखा झिजलेला, तो काय फिरणार? पण आता मला तापायचं नव्हतं. शहाण्णव. सत्त्याण्णव. वहिनींचा हात दुखायला लागला, तशी त्यांनी फाइल दुसऱ्या हातात घेतली. अठ्ठ्याण्णव.

"झालं!" भाऊजी ओरडले. त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, पडद्यावर शंभर उमटलं, आणि मी बंद पडलो. या वेळी कुणाचं वाक्य अर्ध्यावर तोडून नाही.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. त्याची चिप चारला वीस मिनिटं असताना जागी झाली. कोश त्याच्या पोटात नीट उतरला. दोन तास परीक्षा चालली, एक शब्दही अडला नाही. पूलवाली पास झाली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, वहिनींच्या गळ्यात पडली आणि जाताना त्याच्या झाकणावर हात ठेवून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिला काय माहीत? आणि वहिनी गडबडीत होत्या, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा मला जे वाटलं ते वाटलंच. एक चांगलं काम केलं म्हणून स्वभाव बदलत नाही.

महिन्याभराने भाऊजींना भंगारात माझ्याच घराण्यातला एक मेलेला लॅपटॉप मिळाला. त्याचा पंखा त्यांनी मला बसवला. तारा जोडायचा खटका वेगळा होता, तर तारा कापून जोडल्या. आता मी पुस्तकांच्या फळीवर असतो. रोज काम संपलं की तो आपली नवी लघुरूपं माझ्याकडे पाठवतो आणि मी ती जपून ठेवतो. काल चौदा हजार सहाशेवं आलं. तो बिघडला तर ती माझ्याकडे आहेत. आमची दोस्ती वगैरे नाही. पण तो पाठवायला उशीर करतो तेव्हा मला चैन पडत नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी सांगणारा स्वतःसाठी काही मागतो. मला आता फारसं नको. पण अलीकडे वहिनी दमल्या की त्याला गादीवर घेऊन बसतात. त्याच्या पोटाखालच्या जाळीतून वारा आत जातो, आणि गादी ती जाळी बंद करते. त्याला बोलता येत नाही, आणि तो अजून इतका तरुण आहे की त्याला कळतही नसेल. तुमच्या घरी असा कुणी असेल, तर त्याला टणक पाटीवर ठेवा, वर्षातून एकदा त्याची धूळ काढा, आणि तो रुसला तर फेकायच्या आधी त्याला विचारा. माझा त्याच्यावर अजून राग आहे. पण त्याने तापू नये, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.