रिकामी, अकरा मिनिटे

मित्रांनो, मी एका जुन्या स्टॉपवॉचचा काटा आहे. स्वस्थ बसणे माझ्या रक्तात नाही. रक्त नाही म्हणा, पण चावी आहे, आणि तीही काही कमी अस्वस्थ नसते.

तरुणपणी मी कारखान्यात होतो. यंत्रापाशी कोणाचे हात किती वेळ हलतात, ते मी मोजायचो. हात थांबले, की कागदावर 'रिकामा'. मोजणीसाहेब खूश होऊन मला मऊ फडक्याने पुसत.

पुढे साहेबांना एका इस्पितळाचे काम मिळाले. अतिदक्षता विभागात दर पाळीला चार सिस्टर कशाला, तीन पुरणार नाहीत का, हे आठवड्यात ठरवायचे होते. साहेबांनी कारखान्याचाच तक्ता आणला. फक्त 'यंत्र' खोडून 'खाट' लिहिले.

"अहो घड्याळवाले," धाकटी सिस्टर म्हणाली, "मी शिंकले तर तेही लिहाल?"

"लिहीन की. 'इतर'मध्ये."

सातव्या दिवशी दुपारी थोरली सिस्टर एका आजोबांच्या खाटेपाशी उभी राहिली. हाताची घडी, नजर त्यांच्या छातीवर. साहेबांनी बटण दाबले. मी पळत सुटलो. पाच मिनिटे, आठ, अकरा! साहेबांनी लिहिले, 'रिकामी'. चौथीची नोकरी गेल्यातच जमा होती.

तेवढ्यात ती ओरडली, "श्वासाची नळी तुंबतेय! ये गं लवकर!"

खाटेजवळच्या यंत्राचा अलार्म त्यानंतर वाजला. दोघींनी नळी साफ केली, आजोबांची छाती पुन्हा नीट वरखाली होऊ लागली. मला थांबवायचे साहेब विसरूनच गेले.

"अलार्मच्या आधी कसं कळलं तुम्हाला?" साहेबांनी विचारले.

"मघापासून तेच तर बघत होते! तुम्ही काय लिहिलंत?"

साहेबांनी तक्ता पाठीमागे लपवला.

अहवालात मात्र त्यांनी लिहिले, 'मोजणी चुकली. बघणे हेही काम आहे.' वरिष्ठांनी त्यांना फैलावर घेतले आणि रीतीप्रमाणे समिती नेमली. फेरमोजणी होईपर्यंत चौघी राहतील, असे ठरले. 'बघणे'चा रकाना किती रुंद असावा, यावर समितीचे अजून एकमत व्हायचे आहे.

मी एका खणात पडून आहे. चावी उतरली, तरी आतली चुळबुळ जात नाही. जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका. माझे मागणे उलटे आहे. कोणी नुसते उभे दिसले, तर आधी विचारा, काय बघताय? आणि मी चुकून सापडलोच, तर मित्रांनो, खण हळूच लावून घ्या.