नऊ राज्यांचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि माझ्या आतल्या अंगावर नऊ राज्यं आहेत. त्यातली सात गावं जळाली. सगळी कुऱ्हाडीनं.

मी पाइनचा. टेलेमार्कच्या डोंगरात माझ्या आताच्या मालकाच्या, तोर्युसच्या, पणजोबांनी मला कोठाराला बसवलं. शंभर वर्षं मी गवत सांभाळलं, मेंढ्या सांभाळल्या, वारा अडवला. शाबासकी कुणी दिली नाही, आणि मला तिची गरजही वाटली नाही.

मग तोर्युस कादंबरी लिहायला लागला. त्याची पहिलीच. हिवाळ्यात तो रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवतो. दोन फेऱ्यांच्या मधे कोठारात येऊन बसायचा आणि पाऊस पडावा तसा टाइप करायचा. मग फोन आला की गायब.

त्याची पहिली वाचक म्हणजे शेजारची गुन्वर. वय ऐंशी, पन्नास वर्षं सुईण. दर गुरुवारी वाफल आणि तपकिरी चीज घेऊन यायची, बाकावर बसून ऐकायची. वीस प्रकरणं झाल्यावर म्हणाली, "तोर्युस, हे युद्ध आहे की शाळेची सहल? सगळे घरी परत येतात."

"मला मारवत नाही गं कुणाला."

"मग स्वयंपाकाचं पुस्तक लिही."

त्याच आठवड्यात त्यानं कादंबरीतल्या नऊ राज्यांचा नकाशा माझ्यावर उतरवला. माझ्या लाकडातल्या गाठी त्याचे तलाव झाले, रेषा नद्या झाल्या. आणि त्यानं नियम केला. प्रत्येक गावाशेजारी आधी माणसांची नावं लिहायची, पेन्सिलीनं, एकेक. मग आठ पावलांवरून, डोळे मिटून, कुऱ्हाड फेकायची. जिथं रुतेल ते गाव जळणार. कुरकुर नाही.

पहिला घाव वार्डहोमवर बसला. अडतीस नावं. न्हाव्याचा गळा त्याच्याच वस्तऱ्यानं चिरला, शाळेच्या मास्तरला घंटेच्या दोरीनं लटकवलं, घोड्यांच्या खुरांखाली बाजाराचा लाल चिखल झाला. लिहिताना तोर्युस बाहेर जाऊन ओकला. परत येऊन पुढचं वाक्य लिहिलं. मला फार दुखलं होतं, पण खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी कशाच्या तरी उपयोगी आहे.

असे सहा घाव. गुन्वर कॉफीचा कप हातात धरून ऐकायची आणि प्यायची विसरायची.

मग ती म्हणाली, "मला पण एक गाव दे की." त्यानं दिलं. म्युरा. खालच्या कोपऱ्यात, बिजागरीखाली, जिथं कुऱ्हाड सहसा पोचत नाही. तिथं एक म्हातारी सुईण, गुन नावाची, दुखऱ्या गुडघ्याची.

सातवी कुऱ्हाड थेट म्युराच्या मधोमध रुतली.

 तोर्युसनं कुऱ्हाड उपसली. भुसा आणि डिंक कालवून माझं भोक बुजवलं, वरून रंग फासला, आणि पुन्हा फेकली. यावेळी स्कार्न. मिठागरांचं गाव, साठ माणसं. ती मेली, मित्रांनो, दुसऱ्याच्या वाटणीचं मरण. आणि त्यानं ते अर्ध्या पानात उरकलं.

त्यानंतर पुस्तकच अडलं. दोन महिने तो लिहायचा आणि खोडायचा. गाडीची किल्ली टेबलावर आपटायचा. एकदा तर सगळी पानं शेगडीत घालायला निघाला होता.

आणि एका गुरुवारी स्कार्नचं पान ऐकता ऐकता गुन्वर चक्क झोपली. जागी झाली ती रागातच.

"स्कार्नमधे साठ जण मेले आणि तुला काहीच वाटलं नाही. मग मला कशाला वाटेल?" ती उठून माझ्याजवळ आली, बोटं फिरवत खाली वाकली. "इथं काय भरलंयस?"

"कीड लागली होती."

"कुऱ्हाडीच्या पात्याएवढी कीड?"



"गुन्वर, तिथं तू आहेस."

"माहितीये मला. गुडघा माझाच आहे." तिनं पिशवीतला चाकू काढला आणि माझं भोक पुन्हा उकरलं. भळभळ भुसा सांडला. "हे बघ पोरा, मी पन्नास वर्षं लोकांच्या घरी रक्तात उभी राहिलेय. मला पलंगाखाली लपवलेली चालणार नाही. मार, पण नीट मार."

दुसऱ्या दिवशी तोर्युसनं सुट्टी घेतली. सकाळी बसला तो संध्याकाळी उठला. मग तिला बोलावून वाचून दाखवलं.

म्युरात सैनिक दलदल तुडवत आले. छपरं पेटवली, पळणाऱ्यांना पाठीतून भाल्यांनी पाडलं. एका झोपडीत गुन बाळंतपण करत होती. दाराला कडी नव्हती, म्हणून ती पाठ लावून बसली. तीन घाव दारानं सोसले. चौथा भाला लाकडातून आरपार आला आणि तिच्या पोटातून बाहेर निघाला. ती पडू शकत नव्हती, भाल्यानं तिला दाराशी खिळवलं होतं. दुखरा पाय तिनं जमिनीत रोवला आणि बाळंतिणीला म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. कळ दे." बाळ झालं. आई त्याला घेऊन मागच्या खिडकीतून दलदलीत उतरली. सैनिकांना दार उघडायला खूप वेळ लागला.

 गुन्वरनं विचारलं, "बाळ वाचलं ना?"

"वाचलं."

"आणि मी?"

"नाही."

तिनं मान हलवली. "एक चुकलंय. पाय रोवताना तिनं शिवी दिली असती."

"कुठली?"

तिनं सांगितली. त्यानं लिहून घेतली. ती मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो, तुम्ही लहान आहात.

नंतर त्यानं स्कार्नची साठही नावं पुन्हा नीट लिहिली. ती माणसं आता पुस्तकात जिवंत आहेत. पण तिथला घाव त्यानं बुजवला नाही. त्याची विहीर केली आणि तिच्या काठी आपली चूक लहान अक्षरात लिहून ठेवली.

आता माझ्यातून वारा येतो, पावसाचं पाणी झिरपतं. लोक म्हणतात, नवा दरवाजा बसव. तुम्ही कधी इकडे आलात तर बाहेरून मला डांबर लावा, बिजागरीला तेल घाला. खूप बरं वाटेल. पण आतल्या बाजूला हात लावू नका. तिथं माणसं राहतात.