दे कोय

इंग्रज पाहुणा यायच्या आदल्या दिवशीच आमचं कुत्रं मेलं. माझा नवरा हार्मन डोक्याला हात लावून बसला. आमचा बदकं धरायचा पिंजरा म्हणजे रानातलं तळं आणि त्यातून निघालेला, वर जाळी ताणलेला वाकडा कालवा. काठाने बोरूच्या ताट्या. त्या ताट्यांआडून कुत्रं दिसतं, लपतं, पुन्हा दिसतं, आणि हे काय चाललंय ते बघायला बदकं आत येतात. भोचकपणापायी मरणारी जात. कुत्र्याशिवाय ती कशाला येतील?

मला मात्र हायसं वाटलं. काम पसंत पडलं तर तो इंग्रज हार्मनला असाच पिंजरा बांधायला आपल्या मुलखात नेणार होता.

"आलाच आहात तर बघून घ्या," हार्मन त्याला म्हणाला. "फक्त हे जळाऊ मातीचं धुमसतं ढेकूळ तोंडापुढे धरा, माणसाच्या श्वासाचा वास बदकांना लगेच लागतो. आणि डोकावू नका."

पण त्या माणसाला कुठला धीर? त्याचं लालभडक केसांचं डोकं पहिल्या ताटीवर आलं, खाली गेलं, दुसऱ्या ताटीवर पुन्हा आलं. हार्मनने कपाळावर हात मारला. तेवढ्यात तळ्यावरची बदकं वळली आणि सगळा थवा त्या डोक्यामागे कालव्यात शिरला.

मी मागच्या ताटीआड होते. नुसती खोकले असते तरी सगळी उडाली असती आणि नवरा घरी राहिला असता. पण ती शेवटपर्यंत जातात का, ते मला बघायचं होतं. गेली.

दोन वर्षांनी हार्मन इंग्लंडहून आला, अंगात भारी कोट घालून.

"आपण डच लोक 'दे कोय' म्हणतो ना, 'तो पिंजरा'? त्यांनी दोन्ही जोडून एकच शब्द केलाय, डीकॉय," तो म्हणाला. "बाकीच्यांना भुलवायला पुढे सोडतात त्या माणसाळलेल्या बदकालाही आता तेच म्हणायला लागलेत."

"आणि तुला काय म्हणतात?"

 घर विकून तिकडे चल म्हणायला तो आलाय, हे मला दिसतच होतं. माझा नकार केव्हाचा तयार होता.

"तिथलं तळं बघायला हवंस, नेल," तो म्हणाला. "संध्याकाळी पाणी दिसत नाही, इतकी बदकं."

"इतकी म्हणजे किती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला नाही, शहाणा. कोट काढून शेजारी बसला आणि सांगायला लागला. वसंतात आम्ही घर विकलं.