दोऱ्यांच्या डब्यातला कागद

धाकट्या जावेचा फोन टिंग वाजला की थोरलीचं शिलाई मशीन आपोआप थांबायचं. आले मेले पैसे! दोघींचे नवरे सख्खे भाऊ, परदेशात एकाच इमारतीवर विटा चढवणारे. मजुरीही तीच. पण थोरलीचा नवरा जुन्या वळणाचा. त्याचे पैसे आणायला ती दोन बस बदलून परदेशी पैसे देणाऱ्या दुकानापुढे रांगेत उभी राहायची, आणि दुकानदार आपला वाटा आधीच कापून घ्यायचा. धाकटीला क्रिप्टो का काय ते बसल्या जागी फोनवर यायचं. त्याची रोकड कोपऱ्यावरचा मोबाइलवाला द्यायचा.

"जाऊबाई, तुम्हीही घ्या ना शिकून," नव्या पंख्याखाली बसून धाकटी म्हणायची. ते थोरलीच्या जिव्हारी लागायचं.

त्यात कहर म्हणजे, फोन बिघडला तर पैसे परत मिळवून देणारे बारा इंग्रजी शब्द धाकटीने कागदावर लिहून थोरलीकडेच ठेवले. "माझी पोरं सगळं फाडतात. तुमच्याकडे सुईसुद्धा हरवत नाही." कागद दोऱ्यांच्या डब्यात गेला. टिंग वाजलं की थोरली तो काढून वाचायची. डाँकी, लेमन, विंडो... एवढ्यावर हिचा तोरा!

एक दिवस धाकटीच्या पोरांना नवे बूट आले. थोरलीच्या लेकीने आपले जुने बूट मुकाट्याने पायात चढवले. तिचं ते मुकाट्याने चढवणं थोरलीला सोसलं नाही. तिने कात्रीने कागदाचे बारीक तुकडे केले आणि चिंध्यांत टाकले.

आठवड्याने धाकटीचा फोन बादलीत पडला. मोबाइलवाल्याने हात टेकले. ती पांढरीफटक होऊन दारात आली.

"जाऊबाई, तो कागद द्या. सहा महिन्यांची शिल्लक आहे त्यात. भांडायला कुठे दुकानही नाही हो!"

खोटं कशाला बोला, थोरलीला आधी गुदगुल्याच झाल्या. उंदरांनी खाल्ला म्हटलं की काम झालं. मग डोक्यावर विटा घेऊन जिने चढणारा दीर तिच्या डोळ्यांपुढे आला.

"कागद मी कापून टाकला," ती म्हणाली. धाकटीने डोळ्यांना पदर लावला. "रडू नकोस. लिही. डाँकी. लेमन. विंडो."

बाराव्या शब्दापर्यंत ती कुठे अडखळली नाही.

"पाठ कसे झाले तुम्हाला?"

"तुझा फोन वाजला की वाचायचे. सहा महिने जळत होते गं तुझ्यावर."

धाकटीने नव्या कागदाची घडी घातली. थोरलीने डब्याचं झाकण काढून धरलं होतं. धाकटी घडी मुठीत घेऊन घरी गेली.